ज्ञानासाठी रजा : केडगाव आणि इनामगाव यांची साक्ष

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शेजारी तालुके. दोहोंच्या मधून भीमा नदी वाहते. शिरूरच्या उत्तर सीमेवरून घोडनदी येते आणि पुढे भीमेला मिळते. हा प्रदेश पर्जन्यछायेचा. धरणे व कालवे होण्यापूर्वी येथील शेतकऱ्याची दृष्टी वर्षानुवर्षे आभाळाकडेच लागलेली असे. अशा या दोन तालुक्यांतील दोन गावांची नावे सातासमुद्रापलीकडच्या विद्वानांना परिचित आहेत. एक दौंड तालुक्यातील केडगाव आणि दुसरे शिरूर तालुक्यातील इनामगाव. केडगावी एका विदुषीने परदेशातील अध्ययनाचे फळ आणून रुजविले. इनामगावच्या मातीने परदेशातील प्राध्यापकांना आपल्याकडे खेचून आणले.

विद्यापीठातील अध्यापकाला वर्षभर वर्गापासून मुक्त करून संशोधनासाठी परदेशी जाऊ द्यावे आणि त्या काळात त्याचे वेतनही चालू ठेवावे, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास खर्चिक वाटते. गावातील शाळेला खोल्या अपुऱ्या असताना प्राध्यापकाच्या परदेशवारीवर पैसा का खर्च करावा, असा प्रश्न ग्रामपंचायतीच्या एखाद्या सदस्याने विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. या प्रश्नाचे उत्तर अशा रजेची व्यवस्था कशी असते आणि तिचे फळ कोणाच्या पदरी पडते, यावर अवलंबून आहे.

सातव्या वर्षाची पड

इंग्रजीत अशा रजेला ‘सॅबॅटिकल’ म्हणतात. या शब्दाचे मूळ ज्यू लोकांच्या प्राचीन धर्मनियमांत आहे. सहा वर्षे जमीन कसावी आणि सातव्या वर्षी ती पड टाकावी, असा तो नियम होता. जमिनीचा कस टिकावा म्हणून रान पड ठेवण्याची रीत आपल्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. पड टाकलेले रान वरून रिकामे दिसते, पण पुढील पिकाची तयारी तेथेच होत असते. हीच कल्पना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १८८० साली अध्यापकांना लागू केली. पुढे ती अन्य विद्यापीठांनी उचलली. अर्धे वर्ष पूर्ण वेतनावर अथवा पूर्ण वर्ष अर्ध्या वेतनावर, असे तिचे स्वरूप तेथे सामान्यतः रूढ झाले.

भारतात या रजेचे नियमन विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी होते. आयोगाच्या २०१८ सालच्या विनियमांत दोन प्रकारच्या रजांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. पहिली अध्ययन रजा. ती सेवेच्या आरंभीच्या टप्प्यातील सहायक प्राध्यापकांसाठी असून, किमान तीन वर्षांच्या अखंड सेवेनंतर आपल्या विषयाच्या विशेष अभ्यासासाठी घेता येते. प्रथम दोन वर्षे आणि आवश्यकता पटल्यास आणखी एक वर्ष, असा तिचा सवेतन कालावधी आहे. परतल्यानंतर ठरावीक काळ त्याच संस्थेत सेवा करण्याचे बंधपत्र अध्यापकाला लिहून द्यावे लागते.

दुसरी सॅबॅटिकल रजा. सहयोगी प्राध्यापक अथवा प्राध्यापक या पदावर सात वर्षे सेवा झालेल्या कायम अध्यापकांसाठी ती आहे. एका वेळी एक वर्ष आणि संपूर्ण सेवाकाळात दोन वर्षे ही तिची मर्यादा. अध्ययन रजा घेतलेल्या अध्यापकाला परतल्यापासून पाच वर्षे ही रजा मिळत नाही. रजेच्या काळात पूर्ण वेतन व भत्ते मिळतात आणि हा काळ वेतनवाढीसाठी व निवृत्तिवेतनासाठी धरला जातो. मात्र या काळात अन्यत्र नियमित नोकरी पत्करता येत नाही. संशोधनाची अधिछात्रवृत्ती स्वीकारण्यास मुभा आहे. तशी ती मिळाल्यास विद्यापीठ वेतन कमी करूनही रजा देऊ शकते. कामाची रूपरेषा अर्जासोबतच मंजुरीसाठी द्यावी लागते आणि परतल्यावर केलेल्या कामाचा अहवाल सादर करावा लागतो. विश्रांतीची सवलत म्हणून या रजेकडे पाहता येत नाही, हे या तरतुदींवरून स्पष्ट होईल.

केडगावचा दाखला

विद्यापीठांची ही नियमावली अस्तित्वात येण्याच्या पुष्कळ आधी पंडिता रमाबाई विद्यार्जनासाठी परदेशी गेल्या. त्या १८८३ साली इंग्लंडला पोहोचल्या. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्यांनी संस्कृत शिकविले आणि त्याच वेळी स्वतःही शिक्षण घेतले. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तेथील शाळा पाहिल्या आणि बालोद्यान पद्धतीच्या शिक्षणाचा अभ्यास केला. भारतातील उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बॉस्टन येथे त्यांच्या कार्याला साहाय्य करण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. या मंडळाने दहा वर्षे अर्थसाहाय्य करण्याचे आश्वासन दिले.

परत आल्यावर रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. १८९६-९७ च्या भीषण दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातील निराधार मुली व स्त्रिया यांना आश्रय दिला आणि केडगावी ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. तेथे शिक्षणाबरोबर हातांना उद्योग देणारी कामेही शिकविली गेली. याच प्रवासातून अमेरिकेतील लोकस्थितीवरचा त्यांचा मराठी ग्रंथ १८८९ साली सिद्ध झाला. परक्या देशातील शाळा, शासनव्यवस्था आणि स्त्रियांच्या संघटना यांचे प्रत्यक्ष पाहिलेले वर्णन मराठी वाचकाला त्यातून मिळाले.

आजच्या विनियमांत अध्यापकाकडून ज्या तीन गोष्टी अपेक्षिल्या जातात, त्या तिन्ही येथे आढळतात. जाण्यापूर्वी हेतू निश्चित होता, परतल्यावर कार्य उभे राहिले आणि पाहिलेले सारे स्वभाषेत लिहून ठेवले गेले. तथापि रमाबाईंच्या मागे विद्यापीठ नव्हते, वेतन नव्हते आणि परतल्यावर हाती असणारे पदही नव्हते. सर्व भार देणगीदारांच्या इच्छेवर होता. व्यक्ती असामान्य असेल तर असे कार्य साधते. सामान्य अध्यापकासाठी व्यवस्था लागते.

खर्च कोण सोसतो?

परदेशी संशोधनाच्या रजेचा खर्च तीन भागांत विभागता येतो. अध्यापकाच्या कुटुंबाचा चरितार्थ चालविणारे वेतन हा पहिला भाग; तो मूळ संस्थेने सोसावयाचा. प्रवास, परदेशातील निवास आणि ग्रंथालय व प्रयोगशाळा यांचा वापर हा दुसरा भाग; तो सामान्यतः अधिछात्रवृत्ती देणारी संस्था उचलते. तिसरा भाग हिशेबात सहसा दिसत नाही. अध्यापक गेल्यावर त्याचे तास कोण घेणार, हा तो भाग होय. यांपैकी एकही बाजू लंगडी पडली की योजना अडते.

आपल्या इतिहासात याची उदाहरणे आहेत. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या भारतीयांना कर्जरूपाने साहाय्य देणारा निधी स्थापन केला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार तिच्यासोबत होता. आजच्या बंधपत्राचे हे पूर्वरूप म्हणता येईल.

पुढील प्रसंग अधिक बोलका आहे. १९१८ मध्ये डॉ. आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. लंडनमधील अपुरे राहिलेले अध्ययन पूर्ण करण्याची त्यांची इच्छा होती. त्यासाठी १९२० साली त्यांना नोकरी सोडावी लागली. वेतनातून शिल्लक टाकलेली रक्कम, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांच्या आधारावर ते लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी मिळाली. त्यांचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. देशाच्या चलनाचा असा मूलगामी विचार करणाऱ्या प्राध्यापकाला नोकरी आणि संशोधन यांतून एकाची निवड करावी लागली. रजेची व्यवस्था का हवी, याचे यापेक्षा समर्पक उत्तर शोधण्याची आवश्यकता नाही.

गव्हाचे रुपये

स्वातंत्र्यानंतर या देवघेवीला सरकारी करारांचा आधार मिळाला. भारत आणि अमेरिका यांच्यात २ फेब्रुवारी १९५० रोजी झालेल्या करारान्वये फुलब्राइट योजना भारतात सुरू झाली. युद्धोत्तर काळात अमेरिकेने परदेशांत विकलेल्या शिल्लक युद्धसामग्रीचे पैसे विद्वानांच्या देवघेवीसाठी वापरावेत, या १९४६ च्या कायद्यातून ती जन्मली होती. २००८ च्या नव्या करारानुसार भारत सरकारने या योजनेचा समान आर्थिक वाटा उचलण्याचे मान्य केले आणि तिच्या अधिछात्रवृत्तींना फुलब्राइट-नेहरू हे नाव मिळाले. परक्याच्या निधीवर शिकण्यापासून बरोबरीने निधी घालण्यापर्यंतचा हा प्रवास अठ्ठावन्न वर्षांचा आहे.

याखेरीज आणखी एक निधी होता आणि त्याचा संबंध थेट रेशनच्या दुकानाशी होता. अमेरिकेच्या १९५४ च्या ‘पी. एल. ४८०’ या कायद्याखाली भारताला १९५६ पासून गहू व अन्य धान्य मिळू लागले. त्याची किंमत रुपयांत चुकती केली जाई आणि हे रुपये भारतातच साठत जात. त्यांतील काही भाग ग्रंथखरेदीसाठी आणि विद्वानांच्या कामासाठी राखला गेला. १९६२ पासून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने याच रुपयांतून भारतीय भाषांतील पुस्तके तेथील विद्यापीठांसाठी विकत घेण्यास आरंभ केला. त्यांत मराठी पुस्तकेही होती. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाने गव्हासाठी मोजलेला रुपया अशा रीतीने मराठी ग्रंथाला परदेशी ग्रंथालयात घेऊन गेला. १९७४ मध्ये अमेरिकेने या येण्यापैकी सुमारे १,६६४ कोटी रुपये सोडून दिले. पुढे हा निधी आटत गेला.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजला या घडामोडींत विशेष स्थान आहे. १९५४ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने तेथे भाषाविज्ञानाचा एक प्रकल्प चालला. अमेरिकन भाषावैज्ञानिक पुण्यात शिकवीत आणि भारतातील तरुण अध्यापक अमेरिकेत जात. अशोक केळकर यांनी मराठीच्या ध्वनी व पदरचनेवर कॉर्नेल विद्यापीठात प्रबंध लिहिला (१९५८) आणि पुण्यास परतून अनेक वर्षे मराठीच्या अभ्यासाची जोपासना केली. १९६१ मध्ये अमेरिकेतील विद्यापीठांनी एकत्र येऊन अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था काढली. संस्कृतज्ञ डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन तिचे प्रवर्तक होते आणि तिचे भारतातील पहिले मुख्य कार्यालय डेक्कन कॉलेजातच होते. सॅबॅटिकल रजेवर भारतात येऊ इच्छिणाऱ्या अमेरिकन प्राध्यापकांना अधिछात्रवृत्ती देणे हे तिचे एक प्रमुख कार्य होय.

इनामगावची पांढर

बाहेरून येणारा अभ्यासक मात्र तेव्हाच येतो, जेव्हा येथे अभ्यासण्याजोगे काम आधीच उभे असते. हे काम डेक्कन कॉलेजात हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी उभे केले. त्यांनी १९३६ मध्ये लंडन विद्यापीठाची पीएच. डी. मिळविली. तेथील वास्तव्यात मेडन कॅसल येथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननावर त्यांनी प्रत्यक्ष मातीत काम करण्याचे शिक्षण घेतले. बंद पडलेले डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा ते तेथे पुरातत्त्व विभागात रुजू झाले. थरांमागून थर उकलण्याची जी शिस्त त्यांनी परदेशी आत्मसात केली, ती महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना दिली.

या शिस्तीचे मोठे फळ म्हणजे शिरूर तालुक्यातील इनामगावचे उत्खनन. घोडनदीच्या उजव्या तीरावर असलेल्या पांढरीच्या टेकाडांवर १९६८-६९ ते १९८२-८३ या काळात बारा हंगाम काम झाले. सांकळिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांनी ते केले. यांपैकी ढवळीकर यांचा जन्म १९३० मध्ये दौंड तालुक्यातील पाटस येथे झाला होता. मुळा-मुठा आणि भीमा यांच्या संगमाजवळील वाळकी येथेही त्यांनी त्याच काळातील लहानशा शेतवस्तीचे अवशेष शोधले.

इनामगावी ख्रिस्तपूर्व सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतील वसाहतीचे तीन टप्पे उघडकीस आले. पहिला माळवा संस्कृतीचा, दुसरा पूर्व जोर्वे आणि तिसरा उत्तर जोर्वे. शंभराहून अधिक घरांचे अवशेष मिळाले. लोक सातू, गहू, मसूर, वाटाणा पिकवीत. पुराचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी बांध घालून पाट काढला होता. आजही पाण्याच्या पाळीची वाट पाहणाऱ्या शिरूरकरांना ही गोष्ट आपल्या घरचीच वाटेल. मृत मुलांना दोन कुंभांची तोंडे जुळवून घराच्या जमिनीखालीच पुरीत. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसविलेल्या पुरुषाचा सांगाडा सापडला. घराला लागून धान्याचे कोठार होते. २००६ साली तयार झालेल्या, राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातून ही हकीकत देशभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली.

येथे दोनशेहून अधिक दफने मिळाली. त्यांचा अभ्यास एकट्या पुरातत्त्वज्ञाच्या आवाक्यातील नव्हता. अमेरिकेतील ऑरेगॉन विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांनी तो संयुक्तपणे केला. मनुष्याचे दात हे त्याच्या आयुष्याची नोंदवही असतात. बालपणी उपासमार किंवा दीर्घ आजार झाला तर दाताच्या चकाकीवर आडव्या खोलगट रेषा उमटतात आणि त्या जन्मभर राहतात. पिष्टमय अन्नाचे प्रमाण वाढले की कीड वाढते. अशा खुणांवरून तीन हजार वर्षांपूर्वीच्या शिरूरकरांचे आरोग्य वाचता आले. या दोघांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९८६ साली प्रसिद्ध केला. तो इनामगाव अहवालाचा दुसरा खंड. पहिला खंड १९८८ मध्ये आला.

ही परंपरा तेथेच थांबली नाही. लुकाक्स यांच्या शिष्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासे व दायमाबाद येथील बालकांच्या अस्थींचा अभ्यास करून २०११ साली हवामानबदल आणि मानवी आरोग्य यांवर ग्रंथ लिहिला. उत्तर जोर्वे काळात बालकांच्या वाढीवर ताण पडल्याचे त्यांना आढळले. पावसाच्या लहरीवर जगणारा समाज संकटात कसा वागतो आणि त्याची झळ प्रथम कोणाला लागते, हा प्रश्न आज जगभर विचारला जात आहे. त्याच्या उत्तराचा एक पुरावा शिरूर तालुक्याच्या मातीतून निघाला आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपत्ती अधिनियमामुळे खाजगी व्यक्तीस पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. या अस्थी पुण्यातच राहिल्या आणि अभ्यासकाला त्यांच्याकडे यावे लागले. ज्ञानाची देवघेव दोन्ही बाजूंनी झाली, ती याच कारणाने.

तालुक्याच्या ठिकाणचा अध्यापक

आतापर्यंतची उदाहरणे प्रामुख्याने मोठ्या संस्थांची आहेत. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयातील अध्यापकाची अडचण निराळी आहे. तेथे एखाद्या विषयाला एक किंवा दोनच अध्यापक असतात. एक रजेवर गेला की विषयच बंद पडण्याची वेळ येते. नियमाने हक्क असूनही अर्ज करण्यास अध्यापक कचरतो आणि शिफारस करण्यास प्राचार्य कचरतात. अधिछात्रवृत्तीच्या अर्जासाठी लागणारा परदेशी संस्थेचा पत्रव्यवहार, इंग्रजीतील संशोधन आराखडा आणि प्रसिद्ध झालेले लेखन यांसाठी लागणारे वातावरणही शहराबाहेर दुर्मीळ असते.

यावरचे उपाय अशक्य कोटीतील नाहीत. रजा मंजूर करतानाच बदली अध्यापकाच्या मानधनाची तरतूद केली, तर विद्यार्थ्यांचे नुकसान टळेल. जवळपासच्या महाविद्यालयांनी एकमेकांचे तास वाटून घेतले, तर एका अध्यापकाची अनुपस्थिती जाणवणार नाही. परिसरातील विषय घेऊन जाणाऱ्या अध्यापकाला अग्रक्रम देणेही युक्त ठरेल. भीमेच्या खोऱ्यातील भूजल, उसाखालील जमिनीची क्षारता, मेंढपाळांच्या वाटा, मोडी कागदपत्रे यांवर ज्याचे काम चालू आहे, त्याला परदेशी प्रयोगशाळेत किंवा ग्रंथसंग्रहात काय पाहावयाचे हे नेमके ठाऊक असते. ज्याच्यामागे शेत नाही त्याने बियाणे आणून करावयाचे काय?

गावाने काय मागावे?

ग्रामपंचायतींचे व शाळांचे या कार्यात स्थान आहे. गावात संशोधक येतो तेव्हा त्याला माणसे, जागा आणि माहिती गावच पुरविते. कामाचा सारांश मराठीत, शाळेच्या वाचनालयात ठेवता येईल अशा स्वरूपात गावाला मिळावा, अशी अपेक्षा पंचायतीने आरंभीच व्यक्त करावी. रमाबाईंनी अमेरिका मराठीत लिहून दाखविली. इनामगाव इनामगावकरांना मराठीत वाचता येणे हे त्याहून कठीण असू नये. रजेवरून परतलेल्या अध्यापकाचा अहवाल विद्यापीठाच्या दप्तरात जातो. त्याची एक सुबोध मराठी प्रत तालुक्यात आली, तर ज्यांच्या करातून वेतन गेले त्यांनाही त्याचा जमाखर्च कळेल.

पंचायतींचे दुसरे काम अधिक निकडीचे आहे. जुन्या वस्तीची पांढरी माती खत म्हणून शेतात टाकण्याची प्रथा जुनी आहे. एकदा टेकाड उकरले की त्यातील थर मोडतात. मग कितीही मोठी अधिछात्रवृत्ती घेऊन कितीही विद्वान प्राध्यापक आला, तरी त्याला वाचण्यासारखे काही उरत नाही. गावच्या शिवारात खापरे, राख, हाडे यांनी भरलेली पांढर असेल तर तिची नोंद करणे, माती उचलण्यास प्रतिबंध करणे आणि पुरातत्त्व विभागाला कळविणे यांस पैसा लागत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अशी एक पांढर दाखवून आणली, तर इतिहासाचा धडा त्यांच्या पायाखाली येईल.

ज्ञानासाठी दिलेली रजा ही समाजाने दिलेली उसनवारी होय. ती फेडली जाते किंवा नाही हे परदेशी गेलेल्या अध्यापकाच्या निष्ठेवर जितके अवलंबून आहे, तितकेच त्याच्या मागे राहिलेल्या संस्थेवर, पदावर आणि गावावर अवलंबून आहे. केडगाव आणि इनामगाव या दोन गावांनी आपापल्या परीने हा हिशेब पुरा केला आहे. भीमेच्या दोन्ही काठांवरील पुढील नोंदी कोणत्या गावाच्या नावावर पडतात, हे येथील शिक्षक, पंचायती आणि महाविद्यालये यांच्या जागरूकतेवर ठरेल.